रतीबाचे बोल, तफीदाचा आवाज

दोमात गावातल्या बायका आपापसांत वाटेल तेवढ्या भांडत, पण रतीबाशी भांडताना जीभ आवरून धरत. कारण उघड होतं. आज ना उद्या आपण मरणार, आणि मेल्यावर आपल्या अंगणात काळी शाल डोक्यावरून ओढून बसणारी, आपल्या तोंडचे बोल म्हणणारी बाई हीच. जिवंतपणी तिला दुखवलं आणि तिनं ऐन मयतीत हात आखडता घेतला, तर चार गावच्या सोयऱ्यांसमोर शोभा व्हायची, आणि तीही आपण उत्तर द्यायला नसताना.

रतीबाला हे ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे हे ती लपवतही नसे. जवळच्या कूस शहराच्या बाजारात टोमॅटो निवडताना एखादीनं कोपर मारलं, तर ती मान वळवून शांतपणे म्हणे, "हळू गं बाई. तुझे बोल मी अजून जुळवले नाहीत." टोमॅटोची टोपली आपोआप तिच्याकडं सरके.

साठी उलटली तरी ती उसाच्या कांडासारखी सरळ होती. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ झालं नाही. जे काही होतं ते मावशीकडून मिळालेलं. मावशी सांगायची, "नुसतं रडू नकोस पोरी. रडायला म्हशीलाही येतं. मेलेल्या माणसाला बोलतं कर." म्हणून मयताच्या घरी रतीबा गेलेल्या माणसाची जागा घेऊन बसे आणि 'मी' म्हणून बोले. माझी चूल, माझा उंबरा, माझा लेक. बायका गप्प होत. क्षणभर त्यांना वाटे, गेलेली परत आली आणि दाराशी टेकली आहे. मशिदीचे शेख दर दोन महिन्यांनी शुक्रवारी बजावून सांगत की असे बोल म्हणणं पाप आहे. त्यांची स्वतःची आई गेली तेव्हा ते तीन दिवस बायकांच्या अंगणाच्या भिंतीला बाहेरून पाठ लावून बसले होते. ही भिंत गार आहे, म्हणाले.

या कामाचे तिचे दोन नेम होते, तेही मावशीचेच. मेलेल्याच्या तोंडी हुकूम घालायचा नाही. जमीन कुणाला द्या, मुलगी कुणाला देऊ नका, असलं काही मयतीच्या बोलांत येता कामा नये. आणि चाळिसाव्या दिवशी निरोपाचे बोल म्हणून झाले की त्या माणसाच्या वतीनं पुन्हा 'मी' म्हणायचं नाही. "मेलेल्यांनाही विश्रांती हवी," मावशी म्हणायची, "आणि जिवंतांना त्याहून जास्त."

बोल स्वतः जुळवलेले असतात, हे मात्र रतीबानं आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. निम्म्या बायकांना वाटे, गेलेलीच तिच्या कानात सांगते. उरलेल्या निम्म्यांना तसं वाटत नसे, पण त्याही कधी मरणार होत्याच, म्हणून गप्प बसत.

त्या उन्हाळ्यात तफीदा गेली. रतीबाची शेजारीण, चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. मोजकं बोलणारी बाई, आणि बोललीच तर खडसावणारी. कुवेतमध्ये क्रेन चालवणाऱ्या मुलाला, शाजलीला, ती फोनवर सलामाच्या आधी विचारायची, "पैसे उडवतोस का?" मुलगी रावया चौतीस वर्षांची. अकरा वर्षं तिनं आईचं अंथरूण सांभाळलं. कालव्यावरचे पंप दुरुस्त करणाऱ्या बदरीनं तिला मागणी घातली, तेव्हा तफीदानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "हात धुऊन ये." तो धुऊन आला. फातिहा वाचून सोयरीक पक्की झाली, आणि शाजलीनं कुवेतहून फोनवर आमीन म्हटलं. वर्षअखेर लग्न धरायचं होतं.

मयत सकाळी झाली आणि ऊन उतरायच्या आत दफनही झालं. शाजली विमानतळापर्यंतही पोचला नव्हता. तो फोनवर लहान मुलासारखा रडला. "निदान मला ऐकव तरी, रावया. रतीबामावशी काय म्हणते ते ऐकव." असं कुणी करत नाही. बायकांचे बोल बायकांचेच असतात. पण भावाचं रडणं रावयाला सोसेना. तिनं तीन दिवस शालीखाली फोन चालू ठेवला. रतीबाला तो दिसला होता. तिनं काणाडोळा केला, आणि खरं सांगायचं तर आवाज कुवेतपर्यंत जातोय म्हटल्यावर थोडा चढवलाही.

चाळिसावा झाला. निरोपाचे बोल झाले. दोमच्या झाडांची फळं तांबडी पडायला लागली, तेव्हा एक दिवस रावया दुपारची भिंतीच्या खिंडीतून रतीबाच्या अंगणात आली. रतीबा भाकरीच्या पिठाचे गोळे फुगायला उन्हात मांडत होती.

"मावशी, आईला मिशा होत्या का?"

रतीबानं हातातला गोळा खाली ठेवला. "वरच्या ओठाला थोडी लव होती. का गं? मेल्या बाईची उणीदुणी काढायला आलीस?"

"दादा विचारतोय. आणि विचारतोय की आई बुडून मेली का. आमच्यापासून लपवताय म्हणतो."

मग सगळं बाहेर आलं. शाजलीच्या फोनमध्ये एक नवं यंत्र होतं. गेलेल्या माणसाचा आवाज आणि त्याचं बोलणं त्याला भरवायचं, की ते त्याच माणसासारखं बोलायला लागतं. विचारलं तर उत्तर देतं. शाजलीकडे आईचे सातच संदेश होते. एकात ती मलम मागत होती, दुसऱ्यात म्हणत होती की मालिका चालू असताना फोन करू नकोस, आणि उरलेले त्याच वळणाचे. तेवढ्यानं यंत्राला आवाज मिळाला, पण बोलायला काही मिळेना. म्हणून त्यानं फोनवर टिपून ठेवलेले तीन दिवसांचे रतीबाचे बोल त्यात ओतले, आणि हे माझ्या आईचं बोलणं आहे असं यंत्राला सांगितलं.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" रतीबा म्हणाली. "माझा आवाज ओळखला नाही त्यानं?"

"ओळखला की. पण दादा म्हणतो, आवाज मावशीचा असला तरी बोलणारी आईच होती. 'मी तफीदा' म्हणून तुम्हीच म्हणालात ना."

मिशांचा उलगडा रतीबाला लगेच झाला. मयतीच्या दुसऱ्या दिवशी सब्रा नावाची बाई रडत पुढं आली होती. माझ्या नवऱ्याचेही दोन बोल म्हण, म्हणाली. मयतीत असं मागतातच. तो नाइलमध्ये बुडाला होता, आणि त्याच्या मिशा पंचक्रोशीत नावाजलेल्या होत्या. यंत्राला काय कळणार कोण कुणाचं? त्यानं सब्राच्या नवऱ्याच्या मिशा तफीदाला लावल्या आणि तिला नदीत ढकलली.

रतीबाला हसू आवरेना. शालीचं टोक तोंडात धरून ती इतकी हसली की पिठाच्या गोळ्यांवर बोटांचे ठसे उमटले. रावया हसली नाही.

"अजून आहे," ती म्हणाली आणि तिनं फोन पुढं केला. शाजलीनं पाठवलेलं यंत्राचं बोलणं त्यात होतं. तफीदाचा तोच कोरडा, नाकातला आवाज आला:

"चूल विझली म्हणू नका, राख अजून ऊन गं,
लेक गेली अंगणातून, घर झालं सुनं गं."

रतीबाच्या अंगावर काटा आला, आणि भीतीच्या आधी आला तो अभिमान. आपलेच बोल, पण तफीदाच्या तोंडून. दुसरीच्या आवाजात ते किती भरदार वाटत होते! "पुन्हा लाव," ती म्हणाली. पुन्हा ऐकल्यावर मात्र तिनं नाक मुरडलं. "दुसरी ओळ घाईत म्हटली. 'अंगणातून'नंतर श्वास घ्यायला हवा. आणि हे तिसऱ्या दिवसाचे बोल. सुरुवातीलाच कसे म्हणते?"

"मावशी!" रावयाचा आवाज फुटला. "दादानं तिला विचारलं होतं, रावयाचं लग्न करू का. त्याचं हे उत्तर आहे. दादा म्हणतो, आईची इच्छा नाही. बदरीला नाही सांग म्हणतो."

भिंतीपलीकडं कुणाचं तरी जातं चालू होतं, ते थांबलं.

"हुकूम नव्हता तो," रतीबा हळूच म्हणाली. "तो नुसता... बोल होता."

"मग तसं दादाला सांगा."

रतीबा उठली, हात धुतले, पुन्हा बसली. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तफीदा माझ्या कानात काही बोलली नाही? की चाळीस वर्षं मी मनाचंच म्हणत आले? उद्या कोणत्या अंगणात मला काळी सतरंजी टाकतील?

"तू साध्या शब्दांत भावाशी भांड ना," ती म्हणाली. "बहीण आहेस."

"भांडले. आईपुढं माझं काय चालतंय? आई जिवंत होती तेव्हाही चाललं नाही, आता तर ती कवितेत बोलते." रावयानं डोळे पुसले, आणि मग तिच्या मनात दुसरंच आलं. ती सरकून जवळ बसली. "मावशी, नाहीतर असं करा. बोल तुमचे असं सांगूच नका. नुसतं सांगा, आई जाताना म्हणाली, रावयाचं लग्न उरकून टाका. तुम्ही जवळ होतात. दादा मान्य करेल. तुमची अब्रूही राहील."

सोपं होतं. रतीबाला ते चार ओळींत बसवताही आलं असतं, आणि मनातल्या मनात तिनं पहिली ओळ बसवलीही होती. मग तिला मावशीची आठवण झाली आणि तिनं ती ओळ गिळली.

"लाव फोन," ती म्हणाली.

शाजलीची जेवणाची सुट्टी होती. पाठीमागं भांड्यांचा आवाज येत होता. "सलाम, रतीबामावशी. बरं झालं तुम्ही आहात. या पोरीला समजवा. आईचं मन तिला कळत नाही."

"तुझ्याकडं आई आहे ना, मग मला कशाला? आणि ते यंत्र दुसऱ्या फोनात आहे?"

"हो."

"घे हातात. विचार आईला, रावयानं बदरीशी लग्न करावं का."

त्यानं विचारलं. कुवेतहून तफीदाचा आवाज आला, "चूल विझली म्हणू नका, राख अजून ऊन गं..."

आणि यंत्र श्वास घेण्याआधी रतीबानं इकडून म्हटलं, "लेक गेली अंगणातून, घर झालं सुनं गं."

यंत्रानं तेच म्हटलं. जसंच्या तसं.

"तुम्हाला कसं..." शाजली म्हणाला.

"आता विचार, आई, मी दुपारी काय जेवू?"

"मावशी, थट्टा करता का?"

"विचार तर!"

त्यानं विचारलं. "चुलीमागून दार येतं. ती आता दाराचे बोल काढील," रतीबा म्हणाली, आणि यंत्रानं दारच काढलं. "दार लोटू नका बाई, वाट अजून चालते..." इथून पुढं दोघी मिळून म्हणाल्या, एक अंगणातून, एक कुवेतमधून, "लेकाची चाहूल माझ्या उंबऱ्याशी बोलते."

"जेव आता," रतीबा म्हणाली. "आईनं दार खायला सांगितलंय."

रावयाला हुंदका आणि हसू एकदम आलं. भिंतीवरून तीन डोकी वर आली होती, जात्यावरची बाई आणि तिच्या दोघी सुना. रतीबानं त्यांच्याकडं पाहिलं. त्या खाली गेल्या नाहीत.

"मावशी," शाजलीचा आवाज बारीक झाला होता, "पण हे आईच बोलली होती ना? तुमच्या तोंडून?"

"नाही रे बाळा. हे मी बोलले. दाराचे बोल मी पहिल्यांदा फहीमाच्या सासूच्या मयतीत जुळवले. ती सासू सुनेला बाहेर ठेवून दाराला कडी लावायची, म्हणून ते सुचलं. सगळ्यांना फार आवडलं. तेव्हापासून सत्तावीस घरांत म्हटले. चुलीचे जरा कमी, एकोणीस. तुझी आई असली तरी वेगळे काढले नाहीत, रात्रभर तिच्याजवळ जागून मी थकले होते. तुझ्या यंत्राला तेवढेच तीन दिवस माहीत आहेत. चाळिसाव्याला ती निरोप घेऊन गेली, ते त्यात नाही. म्हणून ते अजून दारातच उभं आहे."

"मग शेवटी आई माझ्याबद्दल काय म्हणाली?"

रावयानं रतीबाचा दंड धरला आणि जोरात चिमटा काढला. आता म्हणा, असं तिचे डोळे सांगत होते. माझ्या लग्नाचं म्हणा, नाहीतर त्याच्यासाठी तरी एखादी गोड ओळ म्हणा.

"तुझ्याबद्दल काही म्हणाली नाही," रतीबा म्हणाली. "म्हशीला पाणी दाखवलं का म्हणून विचारलं. मग म्हणाली, उशी उंच झाली. मी काढली. मग झोपली, ती उठलीच नाही. रावयाच्या लग्नाचंही काही बोलली नाही, आणि मी तिच्या तोंडी होकार घालणार नाही. नकार घातला तो तुझ्या यंत्रानं. होकार घालायचा तर तू घाल. तू जिवंत आहेस. तिनं फातिहा वाचली ती तुझ्या कानांनी ऐकलीस, आमीन म्हणालास. तिचं काम तिनं केलंय."

फोन बंद झाला. कुणी केला ते कळलं नाही.

"एवढं एक वाक्य तुमच्यानं म्हणवलं नाही," रावया म्हणाली. "सत्तावीस घरांत खोटं बोललात, अठ्ठाविसाव्यात खरं सुचलं!" ती खिंडीतून निघून गेली. त्या दिवशीच्या भाकरी वाकड्या फुगल्या.

चार दिवस रावया बोलली नाही. गावात मात्र गोष्ट उसाला लागलेल्या आगीसारखी पसरली. पाचव्या दिवशी सकाळीच फहीमा दारात हजर. रतीबानं मनाची तयारी केली. पण फहीमाच्या हातात काकवीची बरणी होती.

"माझ्या सासूवरचं ते दाराचं तू सगळ्यांना वाटलंस," ती ओट्यावर बसत म्हणाली, "ते जाऊ दे. पण मी मरेन तेव्हा मला ते नको हं. मला ताजं पाहिजे. मी आत्ताच सांगून ठेवते, मला गुडघ्यांचा त्रास होता, आणि माझ्या हातची मुलूखियाची पातळ भाजी कूसपर्यंत नावाजलेली होती. हे दोन्ही आलं पाहिजे."

तिच्या मागून आणखी दोघी आल्या. दुपारपर्यंत ओट्यावर काकवी, साखर, एक कोंबडा आणि पाच बायकांची आयुष्यं जमा झाली. कुणाला मुलाचं नाव हवं होतं, कुणाला जावेचा टोमणा. मशिदीच्या शेखांची बायको पदराआडून म्हणाली, "आमचे हे विचारत होते, पुरुषांसाठीही असतात का." रतीबा त्रासल्याचा आव आणत सगळ्यांना म्हणत होती, "एकेक बोला. मी काय यंत्र आहे?"

त्याच गर्दीत रावया आली. तिच्या तळहातांना पीठ लागलेलं होतं. ती रतीबासमोर उभी राहिली आणि काही बोलायच्या ऐवजी तिनं फोन कानाला लावून दिला.

"मावशी," शाजली म्हणाला, "ऊस कारखान्याला गेला की पहिला गुरुवार धरलाय. मी येतोय. बदरीला निरोप द्या, पंप बाजूला ठेव आणि नवं स्वयंपाकघर बांधायला घे. माझ्या बहिणीनं अकरा वर्षं धुरात काढली."

"हे कोण बोललं?" रतीबानं विचारलं.

"मी बोललो."

"मग ठीक आहे." पाचही बायका कान टवकारून होत्या. "आणि ते यंत्र? पुसलंस?"

"नाही पुसलं." त्याचा आवाज अवघडला. "शुक्रवारी ऐकतो कधी. आवाज तिचाच आहे ना. पण आता काही विचारत नाही."

मावशीच्या नेमांत हे कुठं बसतं, ते रतीबानं मनाशी उलटसुलट करून पाहिलं. नीट बसत नव्हतं. पण परक्या मुलखात एका खोलीत एकटा बसून कुणी आईचा आवाज ऐकत असेल, तर भिंतीपलीकडून ऐकणाऱ्या शेखांनाही तिनं कधी हाकललं नव्हतं.

"ऐक मग," ती म्हणाली. "पण एक गोष्ट. सोबत्यांना ऐकवतोस का?"

"एकदोघांना ऐकवलं. एक जण रडला."

"रडणारच." रतीबानं शाल सावरली आणि पाठ आणखी ताठ केली. "त्याला सांगितलंस का, बोल कुणाचे ते?"

"नाही, मावशी. आईचे म्हणालो."

"मग आता लिहून घे. आवाज तफीदाचा. बोल दोमातच्या रतीबाचे, मनसूर सालमानची मुलगी, झोहरा मावशीची शिष्या. लिहिलंस?"

"लिहितो."

"लिहितो नको. लिहिलंस की वाचून दाखव."

कुवेतमध्ये क्रेन थांबवून शाजलीनं वाचून दाखवलं. मावशीचं नाव त्यानं गाळलं होतं. रतीबानं ते पुन्हा घालायला लावलं आणि सगळं पहिल्यापासून एकदा वाचून घेतलं, तेव्हा कुठं तिनं फोन रावयाच्या पिठाच्या हातात परत दिला.